हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल: रामबागेतल्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

गाडी 2008 ची. चार सिलिंडरचं 1.3 लिटर पेट्रोल इंजिन, सोळा व्हॉल्व्ह, एकच कॅमशाफ्ट, मीटरवर 1,18,000 किलोमीटर. इंदूरच्या रामबागेत पहिल्यापासून एकाच घरात वापरलेली. रोजचं चालणं रामबाग ते पलासिया आणि परत, म्हणजे इंजिन धड तापायच्या आत बंद. महिन्या-दोन महिन्यांतून उज्जैन किंवा ओंकारेश्वर. ऑइल बदलायचं ते आठवण झाली की. दोन बदलांत बारा-चौदा हजार किलोमीटर सहज पडायचे.

तक्रार अशी की वळण घेताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली तर टोकाला जेमतेम ओल. पहिल्या मेकॅनिकनं सायलेन्सरला बोट लावून निकाल दिला, ‘बाऊजी, रिंग गई, इंजन खुलेगा,’ (रिंग म्हणजे पिस्टनभोवतीची कडी) आणि 42,000 रुपयांचा अंदाज सांगितला. दुसऱ्यानं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं, ते बरं निघालं. त्यावर त्याचं म्हणणं, ‘रिंग एकदम बढ़िया है,’ आणि त्यानं जाड 20डब्ल्यू-50 ऑइल भरून दिलं. दोघांचंही अर्धं बरोबर होतं. पहिल्यानं मोजलं काहीच नाही, आणि दुसऱ्यानं जे मोजलं त्यातून ऑइल रिंग कळतच नाही. हे प्रकरण लिहून ठेवण्याजोगं आहे ते त्यासाठीच.

आधी आकडा

‘गाडी ऑइल खाते’ या तक्रारीवर काहीही करण्याआधी किती खाते ते ठरवावं लागतं. काही कंपन्या हजार किलोमीटरला लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा धरतात. आमच्या मते लाखावर चाललेल्या साध्या पेट्रोल गाडीला 200 ते 300 मिली सोडून द्यावं, 500 च्या वर कारण शोधावं, आणि लिटरला पोचली तर थांबू नये.

रामबागेतल्या घरासमोर उतार आहे. तिथे गाडी एका तोंडानं लावली की डिपस्टिकवर एक पातळी दिसायची, उलट्या तोंडानं लावली की दुसरी, आणि दोन्हींत जवळपास 200 मिलीचा फरक. तेव्हा मोजायची जागा पेट्रोल पंपावरची हवा भरायची सपाट फरशी ठरवली. गाडी तापलेली, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून दोनदा बघायची.

ऑइल बदलताना आणखी एक काम करून घेतलं. पुस्तिकेत चालणाऱ्या ग्रेडांपैकी 10डब्ल्यू-40 (हा जाडीचा ग्रेड), एपीआय एसएन (हा दर्जाचा), हे ऑइल घेतलं. डिपस्टिकच्या खालच्या खुणेपर्यंत भरलं आणि तिथून पुढे मापानं 100-100 मिली ओतत, दर वेळी थोडं थांबून, पातळी कुठे येते ते टिपलं. या गाडीत दोन खुणांमधलं अंतर 900 मिलीचं निघालं. बऱ्याच गाड्यांत ते लिटरच्या आसपास असतं, पण आपल्या गाडीचं आपण मोजलेलं बरं. शेवटपर्यंत ऑइल तेच ठेवलं. मध्येच ग्रेड बदलला की आधीचे आकडे वाया जातात.

वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही हेही काकांना, म्हणजे गाडीच्या मालकांना, सांगावं लागलं. ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून ते दर वेळी बोटभर वर भरत. पातळी फार वाढली तर क्रँक, म्हणजे पिस्टनना जोडलेला फिरता दांडा, ते ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि ते ब्रीदर या आतला वायू सोडणाऱ्या वाटेनं इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या मार्गात) जाऊन जळतं. म्हणजे जास्तीचं भरलेलं आधी संपतं आणि खप आहे त्याहून मोठा दिसतो.

पहिली मोजणी: 620 किलोमीटर, भर 680 मिली. हजाराला जवळपास 1,100 मिली.

गळती आणि ब्रीदर

जमिनीवरचे थेंब बघून माणूस घाबरतो, म्हणून हिशेब आधी केला. एक थेंब साधारण 0.05 मिलीचा. रात्रभर पुठ्ठा ठेवला तर सहा थेंब मिळाले, म्हणजे महिन्याला 9 मिली. त्यानं लिटर संपत नाही. मात्र चालत्या इंजिनात दाब असताना जी गळती होते ती पुठ्ठ्यावर दिसत नाही. त्यासाठी इंजिन डिझेलनं ब्रश मारून धुतलं, पूर्ण वाळवलं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर उडवली आणि गाडी बायपासवर तीस किलोमीटर पळवली. परत आल्यावर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कडेला पावडर काळी आणि ओली, प्लगच्या दोन खड्ड्यांत ऑइल. क्रँकचं पुढचं सील, ऑइल चेंबर (इंजिनाखालची ऑइल साठायची टाकी), फिल्टरची बैठक आणि ऑइल प्रेशर स्विच कोरडे. मागच्या सीलची गळती गिअरबॉक्सच्या जोडाशी खाली दिसते, तिथेही काही नव्हतं. कूलंटच्या बाटलीत तवंग नव्हता, त्यामुळे हेड गॅस्केटवरचा, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्या जोडावरचा, संशय तिथेच संपला.

एअर फिल्टर काढला तर त्याचा एक कोपरा ऑइलनं भिजलेला. फिल्टरपाशी ऑइल येतं ते टॅपेट कव्हरकडून ताजी हवा नेणाऱ्या नळीतून, आणि त्या नळीत हवा उलटी वाहायला लागली तरच. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर कागदाचा चिटोरा धरला. निरोगी इंजिनात तो हलकेच आत ओढून चिकटतो. इथे तो उडून पडला. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे चेंबरमधला वायू इनटेककडे सोडणारी झडप, काढून हलवला तर खुळखुळला नाही. आत डिंकासारखा थर बसून तो बंद जागीच चिकटला होता, आणि त्याची रबरी नळी कडक होऊन आतून निम्मी बुजली होती. पिस्टनच्या कडेनं खाली येणाऱ्या वायूला वाट नाही, चेंबरमध्ये दाब, मग तो दाब मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलतो. गॅस्केट नवीन घालूनही ते सहा महिन्यांत पुन्हा पाझरतं, त्याचं एक नेहमीचं कारण हेच. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर उलटं होतं: इनटेकची ओढ सतत ऑइलची वाफ खेचते आणि आयडलही (उभ्या गाडीतलं इंजिनाचं मंद चालणं) बिघडतं.

नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह, नवी नळी, टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या खड्ड्यांची चार सीलं. कव्हरचे बोल्ट आडवेतिडवे, हलक्या हातानं दोन फेऱ्यांत आवळले. इथे जोर लावणाऱ्यांनीच कव्हरं वाकवून ठेवलेली असतात. एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी आणि नळ्या पुसून काढल्या.

दुसरी मोजणी: 640 किलोमीटर, 540 मिली. हजाराला 840.

कॉम्प्रेशन बरोबर, तरी ऑइल जातं

आता इंजिनाच्या आतलं. कॉम्प्रेशन पुन्हा मोजलं, नीट मोजलं. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइल सुटलेले, चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला सहा झटके. एकच प्लग काढून किंवा थ्रॉटल बंद ठेवून मोजलेले आकडे खाली येतात आणि विनाकारण इंजिन उघडलं जातं.

आकडे 168, 165, 152 आणि 166 पीएसआय. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे 5 मिली, ऑइल टाकून पुन्हा. पहिला, दुसरा आणि चौथा सहा-आठनं वाढले. तिसरा 152 वरून 171 वर गेला. टाकलेलं ऑइल रिंगची फट तेवढ्यापुरती बुजवतं, म्हणून आकडा उसळला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), आणि ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह असा अर्थ. तिसऱ्याची रिंग थोडी थकली आहे. पण सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतला फरक दहा टक्क्यांच्या आतच, म्हणजे इंजिन उघडावं इतकं काही नाही.

दुसऱ्या मेकॅनिकची चूक नेमकी इथे झाली. पिस्टनवर साधारणपणे तीन रिंग असतात. वरच्या दोन दाब धरतात, आणि कॉम्प्रेशन गेज फक्त त्यांचंच सांगतं. तिसरी ऑइल रिंग: दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये स्प्रिंगसारखा एक्स्पांडर. तिचं काम बोअरवरचं ऑइल खरवडून तिच्या खाचेतल्या बारीक भोकांमधून खाली सोडणं. छोट्या फेऱ्या आणि शिळं ऑइल यांनी ती भोकं कार्बननं बुजतात, पट्ट्या खाचेत चिकटतात, आणि खरवडलेल्या ऑइलला परतीची वाट राहत नाही. रिंग झिजलेली नसते, अडकलेली असते. कॉम्प्रेशन ठणठणीत, आणि तरी ऑइल वर जातं.

प्लगही तेच सांगत होते. तिसऱ्याचा काळा, ओला, चकचकीत. दुसऱ्याचा थोडा कमी. पहिल्या आणि चौथ्यावर एका बाजूला राखाडी, खडबडीत पापुद्रा. फोनला जोडायचा बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून सोडला. पिस्टनच्या माथ्यावर सगळीकडे काळा थर, मात्र तिसऱ्यात कडेनं बोटाच्या नखाएवढ्या रुंदीची धातू चमकणारी कड. रिंगांवरून ऑइल वर येतं तेव्हा कडेचा कार्बन असा धुतला जातो. बोअरवर होनिंगच्या, म्हणजे बारीक घासकामाच्या, तिरप्या रेघा शाबूत, उभा ओरखडा एकही नाही. हा कॅमेरा हजार-दीड हजार रुपयांना मिळतो, आणि 42,000 चा निर्णय घेण्याआधी तो वापरत नाहीत याचं नवल वाटतं.

ऑइल प्रेशरही बघितलं: स्विच काढून तिथे गेज लावला. गरम इंजिनावर आयडलला दर चौरस सेंटीमीटरला 1.1 किलो, 3,000 आरपीएमला 3.6. हजार आरपीएममागे साधारण 0.7 किलो हा जुना ठोकताळा धरला तर बेअरिंगं चांगली. वळणावर दिवा लुकलुकत होता तो पातळी खाली गेल्यामुळे. पंप किंवा बेअरिंग यांचा त्यात दोष नव्हता.

घाटात काय दिसलं

व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणाऱ्या व्हॉल्व्ह सीलचा अंदाज धुरावरून येतो, पण धूर कधी येतो ते बघावं लागतं. या गाडीत रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या पाच-दहा सेकंदांत निळा भपका यायचा आणि थांबायचा. पलासियाच्या सिग्नलला दीड मिनिट आयडलवर उभी राहून निघताना पुन्हा एक. हे सील कडक झाल्याचं लक्षण: उभ्या गाडीत वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ओघळून खाली साचतं.

पक्की खात्री खंडवा रस्त्यावर झाली. इंदूर माळव्याच्या पठारावर, ओंकारेश्वर नर्मदेच्या खोऱ्यात. सिमरोल ओलांडल्यावर भेरूघाटात रस्ता खाली उतरतो. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून उतरलं की इनटेकमधली ओढ सर्वांत जास्त असते आणि ती गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीतून, ऑइल खेचते. उतार संपल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर मागच्या गाडीत बसलेल्या माणसाला निळा ढग स्पष्ट दिसला. याच ओढीनं रिंगांवरूनही थोडं ऑइल वर येतं, त्यामुळे एकट्या या चाचणीवर विसंबू नये. सकाळच्या भपक्याशी ती जुळली पाहिजे. याउलट परतीच्या चढाला, जोर लावताना सतत निळा धूर राहिला असता तर बोट रिंगांकडे गेलं असतं. इथे चढाला हलकासाच होता.

एक वेगळी गोष्ट: गाडीचं पीयूसी व्यवस्थित होतं. पेट्रोल गाडीत ती चाचणी आयडलवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, बीएस-2 आणि बीएस-3 या प्रदूषण-मानकांच्या गाड्यांना 0.5 टक्के आणि 750 पीपीएम ही मर्यादा. निळा धूर तिच्यात मोजलाच जात नाही. ऑइलमधल्या फॉस्फरसनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर हळूहळू निकामी होतात, तेव्हा प्रमाणपत्र खिशात आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

व्हॉल्व्ह सील, हेड न उतरवता

हेड उतरवलं की हेड गॅस्केट, घासणी, बेल्टचं टायमिंग असा खर्च वाढत जातो. सीलं तशीच बदलता येतात, फक्त व्हॉल्व्ह आत पडू न देणं महत्त्वाचं. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून सहा किलो दाबाची हवा सोडायची. ती व्हॉल्व्ह वर दाबून धरते. पिस्टन टोकापासून जरा जरी सरकलेला असेल तर हवा क्रँकला फिरवते, म्हणून गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला. कॉम्प्रेसर नसेल तर नायलॉनची जाड दोरी भोकातून आत सारून, टोक बाहेर ठेवून, पिस्टन हातानं वर आणायचा. दोरीची गुंडाळी व्हॉल्व्हना टेकू देते. आम्हाला दोरी जास्त भरवशाची वाटते, कारण हवेची नळी मध्येच सुटू शकते.

रॉकर शाफ्ट काढण्याआधी रॉकरांचा क्रम लिहून ठेवला. ऑइल परतीची भोकं कापडाच्या बोळ्यांनी बंद केली, कारण व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणारं बारीक लॉक तिथून चेंबरमध्ये गेलं तर चेंबर उतरवल्याशिवाय ते मिळत नाही. स्प्रिंग दाबण्याआधी रिटेनरवर, म्हणजे स्प्रिंगच्या माथ्यावरच्या चकतीवर, सॉकेट ठेवून प्लास्टिकच्या हातोडीनं एक टोला, म्हणजे चिकटलेलं लॉक सुटतं. लॉक चुंबकानं उचलायचं. सोळाही जुनी सीलं बाहेर आली ती बोटानं न दबणारी. तीन काढताना चक्क फुटली. नवीन बसवताना व्हॉल्व्हच्या दांड्याच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळावी, नाहीतर तिची धार सीलचा ओठ कापते. हाताला गच्च बसल्याचं लागेपर्यंत सॉकेटनं सरळ दाबायचं. इनटेक आणि एक्झॉस्टची सीलं बऱ्याच इंजिनांत वेगळी असतात, म्हणून दुकानातून आलेली पाकिटं फोडून एकत्र करू नयेत. दांडा बाजूला हलवून गाइडचा ढिलेपणाही बघितला. गाइड ढिला असेल तर नवं सील फार काळ टिकत नाही आणि मग हेड उतरवणंच भाग पडतं. इथे तसं नव्हतं.

शेवटी टॅपेटच्या फटी पुस्तिकेप्रमाणे लावल्या. सकाळचा भपका दुसऱ्याच दिवसापासून बंद.

तिसरी मोजणी: 800 किलोमीटर, 470 मिली. हजाराला 590 च्या आसपास.

अडकलेल्या रिंगा

उरलेल्यासाठी सिलिंडरमध्ये कार्बन विरघळवणारं द्रावण भिजत ठेवलं. इंजिन फ्लश, म्हणजे ऑइलमध्ये मिसळून इंजिन आतून धुणारं द्रव्य, मुद्दाम टाळलं. जुन्या इंजिनात फ्लशनं सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर ऑइलचा खप राहतो बाजूला, बेअरिंगंच जातात. टॅपेट कव्हरखाली गाळाचे थर दिसले तर आधी चेंबर उतरवून जाळी साफ करावी. इथे तपकिरी लेप होता, गाळ नव्हता.

इंजिन कोमट असताना प्लग काढले आणि क्रँक वरच्या टोकापासून पाव फेरा फिरवला. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात त्या जागी चारही पिस्टन जवळपास सारख्या उंचीवर येतात. प्रत्येकात 50 मिली द्रावण. दोन-दोन तासांनी क्रँक पान्यानं थोडा मागेपुढे. सकाळी पहिल्या आणि चौथ्यात निम्मं शिल्लक, दुसऱ्यात थोडं, तिसरा कोरडा. पुन्हा भरलं, आणखी एक रात्र.

या कामातली सर्वांत महाग चूक म्हणजे द्रव आत असताना प्लग लावून स्टार्टर मारणं. द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सिरिंजला नळी लावून उरलेलं ओढून घेतलं, भोकांवर जाड कापड टाकलं, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढले आणि मग क्रँक केलं. वाफ पेट घेणारी असते, त्यामुळे हे काम उघड्यावर, बिडी-सिगारेट दूर, डोळ्यांवर चष्मा. द्रावणानं बोअर धुतला जातो, म्हणून सुरू करण्याआधी प्रत्येकात चार-पाच थेंब ऑइल. पहिली दहा मिनिटं इतका धूर झाला की शेजारचे गच्चीवर आले.

द्रावण रिंगांवरून चेंबरमध्ये उतरलेलं असतं, ऑइल पातळ होतं. ते आणि फिल्टर लगेच काढलं, स्वस्तातलं ऑइल घालून 250 किलोमीटर चालवलं, तेही काढलं. ते डांबरासारखं काळं निघालं. मग पुन्हा तेच 10डब्ल्यू-40.

चौथी मोजणी: 1,000 किलोमीटर, 310 मिली. नंतरच्या पाच हजार किलोमीटरांत आकडा हजाराला 250 ते 280 च्या दरम्यान राहिला. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन 158 वर आलं. प्लग अजून इतरांपेक्षा काळा, पण कोरडा.

इंजिन उघडायचं की नाही

तीनही दुरुस्त्या मिळून मजुरीसह 11,000 च्या आत बसल्या, त्यांत सर्वांत मोठा वाटा व्हॉल्व्ह सीलच्या मजुरीचा. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या या गाडीला आता दोन-सव्वादोन लिटर ऑइल वरून भरावं लागतं, म्हणजे त्या वेळच्या 450 रुपये लिटरच्या भावानं हजार रुपये. नोंदणी 2023 मध्ये पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली, मुदत 2028. एवढ्यासाठी 42,000 चं इंजिन बांधण्यात अर्थ नाही.

तरीही ‘हाफ इंजिन’ (इंजिन उघडून रिंगा बदलणं) करायची वेळ आलीच, तर नुसत्या नव्या रिंगा टाकून देणाऱ्याकडे जाऊ नये. बोअर अंडाकृती झाला असेल तर नवी रिंग त्याला धरत नाही आणि सहा महिन्यांत खप पूर्वीसारखा होतो. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मापायला लावावा. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलरनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) बघावी. 75 मिमी बोअरला ठोकताळ्यानं 0.30 मिमी. ऑइल रिंगच्या एक्स्पांडरची टोकं एकमेकांवर चढली तर नवं इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल पितं, आणि हे जितकं वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं.

ऑइलमध्ये ओतायच्या, धूर थांबवणाऱ्या डब्यांबद्दल थोडक्यात: ते ऑइल जाड करतात. 20डब्ल्यू-50 नंही तेच झालं होतं. खप जरासा घटला, पण इंदूरच्या डिसेंबरातल्या सकाळी ते वर चढायला वेळ घेत होतं आणि टॅपेटचा आवाज येत होता.

काकांकडे आता वेळापत्रक आहे. ऑइल आणि फिल्टर 5,000 किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. दर रविवारी डिपस्टिक, त्याच पंपावर. पीसीव्ही व्हॉल्व्ह दर दुसऱ्या ऑइल बदलाला काढून हलवून बघायचा. पंधरवड्यातून एकदा बायपासवर अर्धा तास इंजिन पूर्ण तापवून आणायचं. आणि वर्षातून एकदा कॉम्प्रेशन. तिसरा सिलिंडर 135 च्या खाली गेला किंवा खप पुन्हा 600 ला पोचला, तरच हेड उतरवायचं.